वानगी

मगदूम मॅडमनी केसपेपरच्या पाठीवर
एक गोल काढला. म्हणाल्या, ही पेशी.
मी म्हणालो, पोतं काढलंत.
हसल्या. बरं, पोतं म्हणा.

सांगलीच्या यार्डात एकतीस वर्षं मी तोलाईला.
राजापुरी, सेलम, गड्डा, कणी.
पोत्यात परखी खुपसायची, मूठभर माल ओढायचा,
तोंडाशी मांडायचा: ही वानगी.
आत काय आहे ते पोतं असं बोलतं.
व्यापारी हळकुंड मोडतो, आवाज ऐकतो, पुढं जातो.
कीड दिसली तर पोत्याचं काय करायचं ते ठरलेलं.

शरीरातही असंच, मॅडम म्हणाल्या.
पेशी आतल्या मालाची चिमूट दारात ठेवते.
राखणदार फिरतात, बघतात,
बिघाड दिसला की पोत्यासकट संपवतात.

मग हा नेफ.
विषाणूच्या गाठोड्यातलं एक लहानसं प्रथिन.
ना कातरतं, ना नक्कल काढतं, ना कवच बांधतं.
नुसतं मधे उभं राहतं, दलालासारखं,
रुमालाखाली याचा हात त्याच्या हातात देतं,
आणि मांडलेली वानगी
पेशीचेच हमाल आत ओढून नेतात,
पेशीच्याच भट्टीत जिरवतात.
राखणदार येतो. बघतो. पुढं जातो.

सगळ्या काढतं का?
पेन थांबलं.
नाही. दोन-चार ठेवतं.
वानगीच नसलेल्या पोत्यावर डोळा ठेवणारे
दुसरेही फिरतात ना.

हुशार म्हणायचं की!
हुशार कसलं, त्याला काय कळतंय.
जे टिकलं ते टिकलं.

नावही चुकून पडलेलं.
आधी वाटलं, हे विषाणूला आवरतं,
म्हणून नकार देणारं असं काहीतरी नाव.
निघालं उलट. नाव राहिलं.
(आमच्या गल्लीतला शांताप्पा दिवसभर भांडायचा.)

कुठं लांबच्या देशात काही माणसं होती,
रक्त घेताना विषाणू आलेला, पण त्यातला नेफच तुटका.
वर्षानुवर्षं धड राहिली. सगळी नाही.
मी ऐकत होतो आणि बोटांवर मालूचं साल मोजत होतो.
ती गेली तेव्हा गोळ्या फुकट मिळत नव्हत्या.

माझी गोळी रात्री साडेनऊला.
बाटलीवरचा कागद नखानं खरवडलेला,
गोळ्या तपकिरीच्या डबीत,
डबी आतल्या खिशात.
घरी दोन-चार खऱ्या तक्रारी मांडून ठेवल्यात:
गुडघा, मोतीबिंदू.
सून विचारते, डोळे काय म्हणतात डॉक्टर?

बाहेर बाकड्यावर दस्तगीर.
वीस वर्षं माझ्या काट्यावर पोती चढवणारा.
मांडीवर तसलंच हिरवं पुस्तक, उपडं.
तो म्हणाला, दात.
मी म्हणालो, डोळे.
दारावरची पाटी दोघांनीही वाचली नाही.

पुलापर्यंत बरोबर चाललो.
गेल्या पुराचं पाणी कुठवर आलेलं ते बोललो,
मग हरिपूरच्या पेवांचं:
वर माती, मातीवर गुरं चरतात,
खाली हळद अंधारात वर्षं काढते.
गोळी चालू असली तरी काही पेशी अशाच पडून असतात,
मॅडम म्हणाल्या होत्या.
ते मी त्याला सांगितलं नाही.

सकाळी लिलावाआधी काट्यापाशी कोणी नव्हतं.
दस्तगीरनं बनियनमधून चुन्याची डबी काढली,
हलवली. चुन्याचा आवाज तसा येत नाही.
काट्यावर ठेवली.
किती भरतंय?

मी खिशात हात घातला.
माझी तिच्याशेजारी ठेवली.

पोत्यांचा काटा, एवढं हलकं धरत नाही.
शून्य.
शून्यच लिही म्हणाला,
आणि पहिली गाडी मागं घ्यायला गेला.